म्हाळूच्या लग्नातला आहेर

कडा, ता. आष्टी
१२ मे २०१९

ती. आईस,
पाया पडतो. कंबर कशी आहे?

मी मजेत आहे. दुष्काळात माझं मोटार-दुरुस्तीचं दुकान तेवढं जोरात चालतं. बोअर आटलेत, मोटारी कोरड्या फिरून जळतात. टँकर आला की हंडे घेऊन मीच पळतो. परवा शेजारच्या कौशल्याबाई म्हणाल्या, "भाऊ, तुमी कावून रांगेत? बायको आणा की." भाऊ म्हणाल्या, आई. दिवसभर तार गुंडाळताना मला हसू येत होतं.

हा विषय निघाला की तू फोन ठेवतेस, म्हणून लिहितोय. मागच्या वेळी ठेवता ठेवता म्हणालीस, "पिशवी काढून मी पस्तावले, तू बी पस्तावशील." ते मनातून जात नाही.

तू ज्याला पोरीचा पोरगा होणं म्हणतेस, त्या ऑपरेशनला वर्ष झालं. पस्ताव्याचं मी डॉक्टरांना आधीच विचारलं होतं. ते म्हणाले, माझ्यासारख्यांत पस्तावणारा शंभरात एखादा. गुडघे बदलून घेणाऱ्यांत त्याहून कितीतरी जास्त. मला अजून तरी एक दिवस तसं वाटलं नाही.

तुझं वेगळं होतं गं. ऊसतोडीत पाळीमुळे खाडा झाला की मुकादम दंड लावायचा. म्हणून तिशीच्या आतच, हंगाम सुरू व्हायच्या आधी, गावातल्या बायकांसोबत तुलाही पिशवी काढायला दवाखान्यात नेलं. तुला काय हवंय हे कुणी विचारलं नाही. मला मात्र किती डॉक्टरांनी, किती महिने विचारलं. मी दरवेळी हो म्हणालो. तुला पस्तावा वाटतो यात तुझी काही चूक नाही, आणि मला वाटत नाही यात माझीही नाही.

लिहायचं कारण मात्र दुसरंच आहे. आपला धाकटा म्हाळू सांगत होता, त्याच्या लग्नातल्या आहेरासाठी तू मला साडी घेऊन ठेवलीस. मोरपंखी आहे म्हणे. तुझा आवडता रंग, तूच नेस. मी येणार आहे, दाढी करून, आणि मांडवात पुरुषांत बसणार आहे. मला टॉवेल-टोपीचा आहेर कर. पुरुषांना टोपी पुरुषच घालतात, ठाऊक आहे. अण्णा असते तर त्यांना म्हणालो असतो. आता तूच घाल. टोपी नसली तरी चालेल, रिकाम्या हातानं ये, पण मला ओलांडून पुढच्या माणसाकडे जाऊ नकोस.

कंबरेला तेल लावत जा.

तुझा थोरला मुलगा,
शहादेव