आईचं तिसरं रेकॉर्डिंग

३ फेब्रुवारी, मंगळवार

विद्यापीठाचं वार्तापत्र आलं. ‘या महिन्यातलं संशोधन’ या पानावर तिघं. हृदयाच्या झडपांवर काम करणारे एक डॉक्टर, बॅटरीवाले एक प्राध्यापक, आणि भाषांच्या बाजूनं आमची रेवती. फोटोत माझी चित्रं हातात धरून हसतेय.

माझी. अकरा वर्षांपूर्वी जेवणाच्या टेबलावर बसून काढलेली सहा चित्रं. बाई पिशवी घेऊन बाजारात जाते, मैत्रीण भेटते, गप्पांत शेळी पिशवीतली भाजी खाऊन टाकते, असं. म्हाताऱ्या माणसांनी चित्रं बघून गोष्ट सांगायची, आपण रेकॉर्ड करायची, सहा महिन्यांनी पुन्हा तीच चित्रं. वयाबरोबर कुठले शब्द निसटतात ते त्यावरून बघायचं. कल्पना माझ्या पीएच.डी.ची. पीएच.डी. राहिली, चित्रं उरली.

माझं नाव शोधलं. ‘प्रकल्पातील इतर सहकारी.’ म्हणजे मी ‘इतर’ मध्ये.

अविनाश म्हणाला, “मग सरांशी बोल ना.” नवऱ्याला वाटतं, बोललं की सुटतं.

६ फेब्रु., शुक्र.

मीटिंग. प्रकल्प सरांचा, ते सगळ्यांसमोर म्हणाले, “रेवतीचा कान फार तयार आहे.” मराठीतली प्रत्येक फाइल ऐकून, अक्षर न् अक्षर लिहून काढायचं काम माझं. अकरा वर्षं. माझ्या कानाला काय म्हणायचं मग.

रे. तेहतीस वर्षांची. परदेशातून पदवी घेऊन आली आणि आठ महिन्यांत कायम झाली. मी चव्वेचाळीस, दर मार्चमध्ये कंत्राट वाढवून घेणारी. तिच्या घरचे चार पिढ्या बंगळुरात. मराठी अर्धी कन्नड. मला ‘अक्का’ म्हणते. इथं सगळेच म्हणतात, भाजीवालासुद्धा. पण ती म्हणते तेव्हा मला माझं वय ऐकू येतं.

मीटिंगनंतर जवळ येऊन, “अक्का, त्या वार्तापत्रात तुमचं नाव मी दिलं होतं, त्यांनी कापलं.” असेल. खरं असेल याचाच जास्त राग आला.

११ फेब्रु., बुध.

आईचं तिसरं रेकॉर्डिंग झालं. आई आमच्या प्रकल्पात आहे, वय चौऱ्याहत्तर, स्मरणशक्ती उत्तम, म्हणून तुलनेसाठी घेतलेली. घरच्या माणसानं रेकॉर्ड करायचं नाही असा नियम, त्यामुळे रे. बनशंकरीला आमच्या घरी येते.

मी पोचले तर दोघी जेवत होत्या. वरणफळं. मी मागे मागितली होती तर आई म्हणाली होती, लाटत कोण बसेल.

रे. जमिनीवर मांडी घालून. “आई, स्वल्प तूप वाढा.” आणि माझी आई, जी अमरावतीला शाळेत बत्तीस वर्षं मराठी शिकवत होती, पोरांच्या एका चुकीच्या वेलांटीवर भडकायची, ती कन्नडमध्ये हो म्हणते, “सरी, सरी.”

ती गेल्यावर आई म्हणाली, “पोर ऐकते गं नीट.”

मी भांडी जरा जोरात घासली.

१६ फेब्रु., सोम.

आईची फाइल लिहायला घेतली. खरं तर मी लिहायला नको, पण मराठी फाइली करणारं दुसरं कुणी नाही.

सुरुवात नेहमीची. मग रे. पहिलं चित्र दाखवते, पिशवी घेतलेली बाई. आधीच्या दोन्ही वेळा आई म्हणाली होती, ही बाई बाजारात निघाली. या वेळी बराच वेळ काही नाही. मग,

“ही घरातून निघालीये. परत न यायचं ठरवून.”

रे. काही बोलत नाही.

“पिशवीत दोन लुगडी आणि पोरीचा फ्रॉक. पोरगी चार वर्षांची. बडनेऱ्यापर्यंत गेलो आम्ही. स्टेशनवर बसलो. पोरीला भूक लागली तर केळी घेतली. गाडी आली. गेली. दुसरी आली, तीपण गेली.”

लांबून आमच्याच कुकरची शिट्टी.

मग रे. अगदी हळू, “आई, पुढे?”

“पुढे काय. आलो परत.”

हेडफोन काढून ठेवला. चार वर्षांची पोरगी मीच, दुसरी कोण. मला स्टेशन आठवत नाही, केळी आठवत नाहीत. बाबांना जाऊन सात वर्षं झाली, त्यांच्याबद्दल आई कधी वावगं बोलली नाही. चाळीस वर्षं माझ्यापासून ठेवलेली गोष्ट, आणि सांगितली कुणाला, तर तीन वेळा घरी आलेल्या बाईला.

काय झालं होतं यापेक्षा हेच जास्त लागलं. लिहिताना लाज वाटतेय, पण तसंच आहे.

१७ फेब्रु., मंगळ.

फाइलीपुढच्या रकान्यात लिहिलं: खराब. कुकरचा आवाज. वगळावी.

शिट्टी दोन सेकंदांची आहे. मला ठाऊक आहे. स्वतःला सांगितलं की आईचं खासगी आहे, दहा जणांनी ऐकू नये. तेवढंच कारण असतं तर सरांना सरळ सांगता आलं असतं.

रे. ला ती फाइल वापरता येऊ नये, हे कारण.

२४ फेब्रु., मंगळ.

रे. नं कँटीनमध्ये गाठलं. कॉफी घेऊन समोर बसली.

“अक्का, आईंची फाइल पुन्हा ऐकली. स्वच्छ आहे.”

मी म्हटलं, “मला नाही वाटत.”

ती कपाकडे बघत राहिली. मला वाटलं सरांकडे जाणार आता. कंत्राटाचा महिना तोंडावर. तर म्हणाली, “ती बडनेऱ्याची गोष्ट कुणाला ऐकवायची नसेल तर तेवढा भाग काढू. मी कुणाला बोलले नाही. पण पुढची चित्रं बघा तुम्ही. तिन्ही फाइली शेजारी ठेवून बघा.”

“काय आहे पुढच्या चित्रांत?”

“शेळी,” म्हणाली. मग, “माझी चूक असेल. असू दे चूकच. पण डॉक्टरांना दाखवा.”

इतकी चिडले. माझ्या आईबद्दल ही मला सांगणार. म्हटलं, “माझ्याच घरात राहते ती. मी रोज बघते तिला.”

“हो अक्का.” एवढंच. कॉफी अर्धी ठेवून गेली.

२५ फेब्रु.

तिन्ही शेजारी ठेवल्या.

पहिली: “तेवढ्यात शेळी आली आणि मेथीची जुडी ओढली.”
दुसरी: “ती आली, ही, बकरीसारखी, आणि भाजी ओढली.”
तिसरी: “ते जनावर आलं. ते... आणि ते घेतलं.”

मैत्रीण, तराजू, छत्री. तिसऱ्या फाइलीत यातला एकही शब्द नाही. ‘ते’, ‘ती वस्तू’, ‘असं धरायचं’. शुद्धलेखनावरून पोरांना उभं करणारी बाई.

तिन्ही मीच लिहून काढल्यात. प्रत्येक अडखळणं टिंबं देऊन, बिनचूक. बडनेऱ्यावर इतकी अडकले होते की पुढचं फक्त हातानं लिहिलं. आणि घरी? घरी ती “ते दे गं” म्हणते आणि मी देते. काय ते विचारावंच लागत नाही. रोज बघते म्हणजे हे.

रे. नं एका बैठकीत ओळखलं. आज प्रथमच सरांचं म्हणणं पटलं, आणि तिचा इतका हेवा कधी वाटला नव्हता. पगाराचा नाही, फोटोचा नाही. कानाचा.

दुपारी रकान्यातलं ‘खराब’ पुसलं. सरांना मेल केली, शेरा चुकीचा होता आणि मुद्दाम दिला होता. कंत्राटाचं काय व्हायचं ते होवो.

१ मार्च, रवि.

अ. भाजी आणायला गेला तेव्हा आईजवळ बसले. काय बोलायचं ते जुळवून ठेवलं होतं, पण तोंडातून आलं भलतंच. “तू रेवतीला का सांगितलंस? मला का नाही?”

आई कपड्यांच्या घड्या घालत होती. थांबली नाही.

“तूच लिहून काढतेस ना ते सगळं? मला माहीत होतं.”

“मग मलाच सांगायचं होतं.”

“तुला सांगायला लागलं की तू मध्ये बोलतेस, नंदू. लहानपणापासून. तिथं तुला बोलता येत नाही.”

मी बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं.

थोड्या वेळानं म्हणाली, “हल्ली निसटतं गं. नावं, वस्तू. म्हटलं, हेपण जाईल एक दिवस. त्याआधी कुठं तरी राहू दे.”

म्हणजे तिला ठाऊक होतं. तिला ठाऊक, रे. ला ठाऊक. राहिले मी.

म्हटलं, डॉक्टरांकडे जाऊ. “जाऊ,” म्हणाली, आणि माझ्या हातातला टॉवेल काढून घेऊन नीट घातली घडी.

५ मार्च, गुरु.

सरांनी बोलावलं. मेलवर बराच वेळ बोलले. असं पुन्हा झालं तर प्रकल्प सोडावा लागेल. कंत्राट सध्या सहाच महिन्यांचं. बरोबर आहे.

बाहेर आले तर रे. नं नव्या निबंधाचा मसुदा पाठवलेला. पहिलं नाव माझं, चित्रमालिकेची कल्पना माझी असा वेगळा परिच्छेद. खाली तारीख पाहिली. मसुदा जानेवारीतला, वार्तापत्राच्याही आधीचा.

हिचा धड राग करायचीसुद्धा सोय नाही.

१० मार्च, मंगळ.

हॉस्पिटल. डॉक्टर तरुण, शांत. आईला घड्याळ काढायला सांगितलं, पाच शब्द लक्षात ठेवायला सांगितले. मला बाहेर बसवलं. स्कॅन झाला. निकाल पंधरा दिवसांनी. “आत्ताच काही म्हणत नाही,” म्हणाले, “पण लवकर आणलंत.” लवकर मी नाही आणलं, हे सांगावंसं वाटलं. नाही सांगितलं.

ऑटोत आईनं विचारलं, “रेवती नाही आली?”

ती येते म्हणाली होती. मीच नको म्हटलं होतं. आईला म्हटलं, तिला वर्ग होता.

१४ मार्च, शनि.

दुपारी आई मटार सोलत होती. मीही एक वाटी घेऊन बसले. ठरवलं होतं, एकच प्रश्न विचारायचा आणि मग गप्प बसायचं.

“आई, परत का आलो आपण?”

“कुठून?”

मी बडनेरा म्हटलं नाही. शब्द तिच्या तोंडात घालायचा नाही, हे काम करताना पहिल्या दिवशी शिकवतात. थांबले. ती एकेक शेंग उघडून दाणे वाटीत टाकत राहिली. खाली फुलवाली ओरडत गेली. शेंगा संपल्या.

“वाटीभर झाले,” आई म्हणाली. “तुझे?”

दाखवले.

तिला आठवत नव्हतं, की मला सांगायचं नव्हतं? चेहऱ्यावरून कळेना, आवाजावरून कळेना. इतकं लक्ष देऊन मी कुणाचं कधी ऐकलं नसेल. रे. ला त्या एका ‘कुठून’वरून कळलं असतं. फोन केला तर लगेच येईल. तिचं घर फार लांब नाही.

नाही केला. निदान आज नाही.