अर्लनच्या गाडीची वॉरंटी

६ एप्रिल, रविवार

गाडी आली! निळी. बुटकी. दोन माणसांची, आणि त्या दोघांचे गुडघे धड असतील तरच. मी आत बसले ती बसलेच. बाहेर काढायला अर्लनला दोन्ही हात द्यावे लागले.

नोकरीभर माझ्या या नवऱ्याने काउंटीच्या रस्त्यांवर पिवळे पट्टे रंगवले. पट्टे रंगवणारा ट्रक माणसाच्या चालीने चालतो. मागे गाड्यांची ही रांग, खिडक्यांतून शिव्या, आणि हा आत शांतपणे सँडविच खाणार. निवृत्त झाल्यावर घेतलं काय, तर हे!

दुपारी डुएन आला. अर्लनचा थोरला भाऊ. दोन बायका सोडून गेल्या, आता दर रविवारी आमच्याकडे जेवतो. त्याची काळी गाडी दोन गल्ल्या पलीकडूनच ऐकू येते. शेजारच्या शुल्ट्झबाईंचं कुत्रं पलंगाखाली जातं. त्याने निळ्या गाडीभोवती एक चक्कर मारली, बॉनेट उघडायला लावलं, आणि सासूने सुनेच्या स्वयंपाकाकडे बघावं तसं आत बघितलं.

"कंपनीने दिली तशीच?"

"तशीच," अर्लन म्हणाला.

"छान आहे रे इंजिन, छोट्या. शिलाई मशीनला शोभेल."

अर्लन हसला. हा नेहमी हसतोच! साठी उलटली तरी 'छोट्या', आणि तरी हसतो.

८ एप्रिल

नाश्त्याच्या टेबलावर एक नवा शब्द आला — सुपरचार्जर. इंजिनात जबरदस्तीने हवा कोंबणारा पंप. बसवला की गाडी म्हणे उडते.

"आत्ता काय करते?" मी विचारलं.

"आत्ता पळते."

"मग पळू दे की!"

अंड्यावर मिरपूड टाकत राहिला. मग हळूच — "फक्त वॉरंटीचा प्रश्न आहे."

हे माझ्याशी! मी ज्या ऑफिसात बसते ते लोकांना फ्रिज-वॉशिंग मशीनच्या वॉरंट्या विकतं. वस्तू बिघडली की कागद माझ्याकडे येतात आणि पैसे का द्यायचे नाहीत याचं कारण मी शोधते. परवाच एका बाईचा ड्रायर नाकारला. तिने तो गॅरेजमध्ये ठेवला होता. घरगुती वापर म्हणजे घरात! बाई फोनवर रडली. मी आवाज कमी केला आणि सफरचंद खाल्लं.

तेव्हा वॉरंटी कशी मरते हे मला कुणी सांगू नये.

१२ एप्रिल, शनिवार

अर्लन मला डोनटवाल्याच्या पार्किंगमध्ये घेऊन गेला. शनिवारी सकाळी तिथे गाडीवाले जमतात. पोट सुटलेले पुरुष घडीच्या खुर्च्या टाकून आपापल्या उघड्या बॉनेटपुढे बसलेले. जणू आत कुणी बाळंत होणार आहे!

अर्लनने प्रत्येकाला विचारलं. एक म्हणाला, बसवच. एक म्हणाला, मूर्ख आहेस का. तिसरा म्हणाला, मी बसवला आणि इंजिन गेलं, पण ते चार महिने, मित्रा, ते चार महिने! डोळ्यांत पाणी आलं त्याच्या. पहिल्या बायकोबद्दलही असा बोलला नसेल.

मी दोन डोनट खाल्ले. एक अर्लनचा.

१५ एप्रिल

आज डीलरकडे. सर्व्हिसच्या काउंटरवर बर्केट नावाचा गृहस्थ बसतो. इस्त्रीचा शर्ट, इस्त्रीचं हसू.

अर्लनने प्रश्न विचारला तो असा — "समजा, एखाद्या माणसाने, म्हणजे मी नाही, पण समजा..."

बर्केट म्हणाला, "सर, तुम्ही काय बसवता ते मी बघत नाही. पण इंजिनाला काही झालं की मी सगळं बघतो."

वा! या माणसाला आमच्या ऑफिसात आणला पाहिजे. मी त्याच्याकडे बघून मान डोलावली. त्यानेही डोलावली. एका धंद्यातली माणसं आम्ही.

परत येताना अर्लन सगळ्या सिग्नलना पिवळा दिसला की थांबत होता. आणि याला गाडी उडवायचीय!

१८ एप्रिल

पाऊस. गाडी गॅरेजमध्ये. म्हणजे अर्लनही गॅरेजमध्ये.

२० एप्रिल, ईस्टर

लिहिते, कारण कुणाला तरी सांगितलं नाही तर मी फुटेन!

चर्चनंतर जेवायला डुएन. हॅम, बटाटे, आणि शेवटी गोड म्हणून माझं पेकन पाय. आल्या आल्या सुरू — "काय छोट्या, बसवला का? की अजून वहीत बेरीज-वजाबाकी चाललीय? माझ्या गाडीला सुपरचार्जर बसवायला मला एक दुपार लागली. वॉरंटीला म्हटलं, जा बाई, जशा बाकीच्या दोघी गेल्या."

अर्लन हॅम चावत हसला.

मला क्रीम आणायला जायचं होतं आणि माझ्या गाडीमागे डुएनची उभी. म्हटलं, काढ. तर हा खुर्चीतून हलेना. चावी फेकली माझ्याकडे. "तूच काढ गं. मागे घ्यायचीय फक्त." एरवी त्या गाडीला बोट लावू देत नाही!

बसले. चालू केली. छप्पर उडेल असा आवाज. मागचा कॅमेरा लागेना म्हणून दिसेल ते बटण दाबत सुटले. एक दाबलं आणि आवाज बंद! वाटलं, झालं, इंजिन मेलं, आता आयुष्यभर ऐकावं लागणार. पण काटा हलत होता. गाडी मागे सरकत होती. सुरू होती! फक्त आवाज नव्हता.

पुन्हा दाबलं — गर्जना. पुन्हा दाबलं — शिलाई मशीन.

रस्त्यावर जाऊन डिकी उघडली. आत ढोलाएवढा स्पीकर. मग बॉनेट उघडलं. अर्लनने दोन आठवडे चित्रं दाखवून माझा जीव नकोसा केलाय, त्यामुळे सुपरचार्जर कसा दिसतो ते मला चांगलं कळतं. तो नव्हता. काहीच नव्हतं. कारखान्यातून आली तशी, प्लॅस्टिकच्या झाकणासकट.

क्रीम घेऊन आले. डुएन सांगत होता, खऱ्या इंजिनाचा आवाज छातीत जाणवतो. मी पेकन पायवर क्रीम वाढलं. जास्तच वाढलं. हसू दाबता दाबता.

२१ एप्रिल

ऑफिसात तीन वेळा आपली आपणच हसले. वरिष्ठांनी विचारलं, बरं वाटतंय ना?

२३ एप्रिल

अर्लनने ठरवलं. दोन आठवड्यांनी गाडी रेनेच्या गॅरेजमध्ये देणार. रेने म्हणजे नदीपलीकडची बाई, दंडावर पान्हे-स्क्रू गोंदवलेले, म्हणे राज्यात असा हात नाही.

आयुष्यात या माणसाने कधी काही झटकन ठरवलं नाही. मला मागणी घालायला चार उन्हाळे घेतले. आणि आता एका ढोंग्याच्या टोमण्यांपायी पाच वर्षांची वॉरंटी गटारात!

सांगू? सांगितलं तर भाऊ नजरेतून उतरेल. नाही सांगितलं तर इंजिन जाईल.

आधी ढोंग्याला गाठते.

२४ एप्रिल

डुएन घरामागे गवत कापायची यंत्रं दुरुस्त करतो. तिथे गेले. तो बाकावर वाकून एक स्क्रू शोधत होता. स्क्रू त्याच्या कोपरापाशीच होता. मी उचलून हातात दिला आणि विचारलं, "डुएन, तुझ्या इंजिनाचं व्हॉल्यूम कितीपर्यंत जातं?"

एवढा मोठा माणूस, पण चेहरा असा पडला की वर्गात पकडलेलं पोर! 

"तू बटण दाबलंस."

"दाबलं. छान वाजतो. रेडिओही लागतो का त्यावर?"

तो स्टुलावर बसला. म्हणाला, गाडी घेतली तेव्हा सगळ्यांना सांगून बसलो होतो की बसवणार. मग बर्केटकडे गेलो. बर्केटने मला असं घाबरवलं की...

"वॉरंटी जाईल म्हणून!" मी हसले. वाईट हसले. शुल्ट्झबाईंचं कुत्रं, दोन बायका, आजवरचे रविवार — आणि हा वॉरंटीला भिऊन स्पीकर घेऊन फिरतोय!

"मग अर्लनला कशाला चढवतोस?"

"छोट्याला सांगू नकोस, व्हर्ना."

"तू सांग मग. आणि तुझ्या गाडीला आता बसव खराखुरा. तुझी वॉरंटी संपली असेल एव्हाना."

"आता बसवून काय उपयोग," तो म्हणाला आणि पुन्हा यंत्राकडे वळला.

भित्रा तो भित्राच. गाडीत बसून घरापर्यंत हसत आले.

२७ एप्रिल, रविवार

डुएन जेवायला आला. एक टोमणा नाही. भाजलेलं मांस निमूट खाल्लं. अर्लननेच विचारलं, "बरं नाही का?"

काही सांगितलं मात्र नाही त्याने. जाताना गर्जना करतच गेला.

३० एप्रिल

सांगितलं. नाश्त्याला. स्पीकर, बटण, प्लॅस्टिकचं झाकण, सगळं. मजा घेत सांगितलं, खोटं कशाला बोलू.

अर्लनने टोस्टला लोणी लावलं. कडेपर्यंत, नीट. मग म्हणाला, "माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

"स्पीकर. घेतला तेव्हापासून माहीत आहे. सुपरचार्जरची एक शिट्टी असते, व्हर्ना. त्याच्या गाडीला ती कधीच नव्हती."

"आणि तू दर रविवारी ऐकून घेत होतास?"

"त्याला बरं वाटतं."

माझ्या हातातली कॉफी गार झाली. मग तर भांडण नीटच जुंपलं. म्हटलं, टोमण्यांसाठी नाही तर कशासाठी? इंजिन फुटलं तर बर्केट दारात उभं करणार नाही! मला विचार, मी लोकांना कसं उभं करत नाही ते!

"मला ती गाडी एकदा तरी तशी पळायला हवीय."

"उत्तर आहे का हे? नाही बसवायचा!"

त्याने चष्मा काढून पुसला. आवाज न चढवता म्हणाला, "तुला दिवसभर नाही म्हणायचे पैसे मिळतात. घरी फुकट का म्हणतेस?"

इतक्या वर्षांत हा माणूस मला असं बोलला नव्हता. ऑफिसला जाताना ओठांना लिपस्टिक लावलीच नाही. लक्षातच राहिलं नाही.

१ मे

बोलणं बंद. त्याने भांडी घासली. मी त्याच्यापुढेच पुन्हा घासली.

६ मे

गाडी रेनेकडे गेली. मी सोबत गेले. भांडायला नाही, त्याला परत आणायला दुसरी गाडी लागतेच. रेने म्हणाली, "शेवटचं विचारते, काका. एकदा याला हात लावला की डीलर तुम्हाला ओळखणार नाही."

"लाव हात," अर्लन म्हणाला.

इतकं पटकन! मला तेव्हा इतक्या पटकन विचारलं असतंस तर, बाबा!

११ मे, रविवार

डुएन आला नाही. फोनवर म्हणाला, डोकं दुखतंय. शुल्ट्झबाईंचं कुत्रं अंगणात निवांत पसरलं होतं. मी जास्तीचे बटाटे फ्रिजमध्ये ठेवले. घर फार शांत वाटलं. हे मी कुणाला सांगणार नाही.

१३ मे

गाडी आली. खरंच शिट्टी वाजते — बारीक, किटली उकळायला लागते तशी.

"चल," अर्लन म्हणाला. मी म्हटलं, मेले तरी नाही. मग कोट घातला.

धान्याच्या कोठारांपलीकडच्या मोकळ्या रस्त्यावर त्याने पाय दाबला. माझं डोकं मागे आदळलं, पोट तिथेच मागे राहिलं, आणि मी ओरडले. त्याला वाटलं घाबरले. राहू दे, तसंच वाटू दे.

अर्धा मैलसुद्धा नसेल. मग याने वेग कमी केला आणि म्हणाला, "ठीक आहे. चालेल."

"कशासाठी चालेल?"

गाडी गावाकडे वळवली. पिवळा सिग्नल दिसला, थांबला.

१५ मे, गुरुवार

डुएनच्या डोळ्यांत काचबिंदू आहे. कडेचं सगळं गेलंय, समोरचं नळीतून दिसावं तेवढं उरलंय. सोमवारी परवाना परत द्यायचाय. अर्लनला मार्चपासून ठाऊक. मला आज कळलं, गावाबाहेरच्या गाड्यांच्या शर्यतीच्या धावपट्टीवर, कुंपणाला टेकून उभी असताना. आठवड्याचा मधला दिवस, पट्टी रिकामी. सरळ, दुसरी गाडी नाही, वळण नाही.

अर्लनने डुएनला दंडाला धरून ड्रायव्हरच्या जागी बसवलं आणि स्वतः शेजारी बसला. गाडी माझ्यासमोरून गेली तेव्हा नुसती निळी रेघ दिसली. दोघं परत येईपर्यंत मी कुंपण घट्ट धरून होते.

गाडी थांबली. काच खाली होती. डुएन दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून बसला होता, गाल ओले.

"परत?" अर्लनने विचारलं.

"परत," डुएन म्हणाला.

आणि मी, कुणी विचारलंही नव्हतं तरी, ओरडले — "हो!"