आत्याच्या नावाचा शिंपला

तीर्थरूप आत्या,

साष्टांग नमस्कार. (आठांपैकी सातच अंगं हजर आहेत. मान सूक्ष्मदर्शकावर वाकून आखडली आहे, तिचा नमस्कार ती सुटल्यावर वेगळा करीन.) तुझे गुडघे कसे आहेत? आतोबांनी नुसतं जिना चढायचं सोडलंय की जिन्याबद्दल बोलायचंही, ते कळव. मी ठणठणीत आहे आणि गेले काही दिवस माझे पाय जमिनीवर नाहीत. कारण सांगते, पण आधी बस. आत्या, तुझ्या नावाचा एक शिंपला आता जगात आहे.

शिंपला म्हटल्यावर तुझ्या डोळ्यांसमोर बशीएवढं काहीतरी येईल. हा मसुरीच्या डाळीएवढा, पांढरट आणि उजेडात धरला तर आरपार दिसणारा. किनाऱ्यावरच्या चिखलात कोळंबीची एक जात बीळ करून राहते, तिच्या पोटाला एका धाग्याने चिकटून हा राहतो. कोळंबी बिळात पाणी खेळतं ठेवते आणि त्या पाण्यातलं हा आयतं खातो. (आईच्या मते हे वर्णन लिहिताना मला फार लांब जावं लागलं नसेल.) शिंपल्याच्या दोन झडपा जिथे जुळतात त्या बिजागरीवर बारीक दात असतात. याचे दात असे होते, की तसे आजवर छापलेल्या एकाही चित्रात मला सापडले नाहीत. मी तशीच धावत साहेबांकडे गेले.

साहेब म्हणजे आमच्या संग्रहालयातल्या शिंपल्यांच्या विभागाचे प्रमुख, या दुनियेतलं मोठं प्रस्थ. लहान दिसेल ते सगळं त्यांच्या लेखी बाळ. मलाही ते बाळच म्हणतात (मी चाळिशीला टेकले, हे त्यांच्या गावीही नाही). त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, एक डोळा मिटला आणि सगळ्यांदेखत निकाल दिला, की हे नेहमीच्या पांढऱ्या शिंपल्याचं पिल्लू आहे, मोठं झालं की दात आपोआप वळणावर येतील. त्यांच्या सहीशिवाय आमच्याकडून एक ओळही छापायला जात नाही, म्हणजे माझी नवी जात पाळण्यातच आटोपली. मला इतका संताप आला की दुपारचा डबा न उघडता परत नेला, आणि मी डबा परत नेणाऱ्यांतली नाही हे तुला ठाऊक आहे.

हा प्रौढ आहे हे दाखवायचं तर त्याच्या पोटात शिरायला हवं होतं आणि माझ्याजवळ नमुने होते तीन. पहिला चिमट्यातून उडाला. अख्खी प्रयोगशाळा खाली रांगून शोधत असताना सफाईच्या मावशी आल्या. एवढी शिकलेली माणसं खाली बघताहेत म्हणजे फरशी घाण असणार, असं त्यांना वाटलं आणि त्यांनी ती मन लावून पुसून काढली. दुसरा बघायला साहेब स्वतः वाकले आणि शिंकले. (मुद्दाम नाही, असं ते म्हणतात.) राहिला तिसरा.

एवढ्याशा जिवाला सुरी लावली तर चुरा होतो, म्हणून त्याला पातळ आम्लात ठेवून कवच विरघळू द्यायचं, म्हणजे आतलं अंग जसंच्या तसं राहतं. कवच गेलं आणि मला सगळा संसार उघडा दिसला. डोकं नाही. (कुठल्याच शिंपल्याला नसतं, तू मनावर घेऊ नकोस.) पाय एकच, पण शरीराच्या मानाने भलामोठा. आतडं सरळ हृदयातून आरपार गेलेलं. (आतोबांचंही असंच असावं, जेवायला उशीर झाला की ते फार हळवे होतात.) दोन्ही बाजूंना पडद्यासारखे कल्ले. ते सुईने अलगद उचलले, तर आत दाटीवाटीने बसलेली इवली इवली पिल्लं, प्रत्येकाला स्वतःच्या दोन झडपा. आत्या, मी चक्क रडले. डोळे भरले की भिंगातून काहीही दिसत नाही, हे निरीक्षणही त्याच बैठकीत झालं.

मग साहेबांना बोलावलं. ते खुर्चीत बसले आणि मी म्हटलं, "साहेब, हे बाळ नाही. बाळंतीण आहे."

ते इतका वेळ पाहत राहिले की मला वाटलं यांचा डोळा लागला. अखेर ताठ झाले, चष्मा नाकावर आणला आणि म्हणाले, "तुमचं बरोबर आहे, बाई. लिहायला घ्या."

तुमचं म्हणाले, आत्या. बाई म्हणाले. सही त्यांनी उभ्या उभ्याच केली आणि मी ती पुन्हा पुन्हा पाहिली. आता नाव. आपल्या शोधाला आपलंच नाव द्यायचं नसतं, पण माझ्यापुढे प्रश्नच नव्हता. नीट नोकरी कधी धरणार, असं घरातले सगळे विचारायचे तेव्हा आज चिखलात काय सापडलं, असं विचारणारी तू एकटी होतीस. ते मी विसरलेले नाही.

आतोबांना नमस्कार.

तुझीच,
भाची

ता. क. आईला तिच्याच नावाचा शिंपला निघणार असं वाटतं आहे. तिची समजूत तूच काढ.

आणखी एक. नवी जात मान्य व्हायला तिचा एक तरी अख्खा शिंपला संग्रहालयात कायमचा ठेवावा लागतो, असं छापणाऱ्यांचं उत्तर आलं आहे. माझ्याकडे एकही नाही, आणि तो चिखल आता नव्या धक्क्याखाली गेला. तो शिंपला मिळाला नाही, तर तुझं नावही गेलं आणि माझं बाईपणही. तुझ्या साठीला मी शिंपल्यांच्या चौकटीचा आरसा दिला होता, त्याच्यासमोरचा तुझा फोटो काल मोठा करून पाहिला. खालच्या कडेची बारीक पांढरी नक्षी आहे ना, ते त्याच चिखलातले तेच शिंपले आहेत. नुसत्या डिंकावर आहेत, तेव्हा मी शनिवारी येईपर्यंत आरशाला ओलं फडकं लावू नकोस.

आणि शेवटचं. बरोबर साहेब येताहेत. एवढे दुर्मीळ शिंपले आरशाला कसे काय लावले, असं ते विचारतील. तू म्हण, आमची भाची पहिल्यापासूनच दूरदृष्टीची, तिने ते जपायला दिले. नेहमीच्या पांढऱ्या शिंपल्याची पिल्लं समजून मी ते लावले होते, हे मात्र मेलीस तरी सांगू नकोस.