पाणी आठ अंश

बंडोरन, ७ मार्च

प्रिय बाबा,

मी सुखरूप आहे, हे आधी वाचा.

सकाळी किनाऱ्यावरच्या सूचनांच्या पाटीवर रोजच्यासारखं मीच लिहिलं होतं: लाटा कमरेएवढ्या, वारा मंद, पाणी आठ अंश. ते वाचून माझा सोबती काहल सर्फिंगला उतरला. तासाभरात कुठूनशी घराएवढी लाट आली आणि तो दिसेनासा झाला. मी दोर बांधून आत गेले. त्याला ओढून बाहेर काढलं तेव्हा त्याचे ओठ निळे पडले होते.

"नुआला, ओरडू नकोस गं, जिवंत आहे मी," तो पुटपुटला. मी ओरडतेय, हे मला तेव्हा कळलं.

इस्पितळात तो आता बोलतोय, चहा मागतोय.

आईचा खोकला गेला का? तिला एवढंच सांगा, इथे थंडी आहे.

तुमचीच,
नुआला