खंडेनवमीला उचललेलं दाभण

प्रिय इंदू,

बघ, नावानं हाक मारली! तू होतीस तोवर "अगं" आणि "नितीनची आई" यांच्यापुढे माझी जीभ कधी गेली नाही. आता कागदावर का होईना, धीर आलाय.

आज दसरा. जेवण करून कापूरहोळच्या आपल्या गाड्यांच्या वायरिंगच्या गाळ्यात येऊन बसलोय. शटरला झेंडूचं तोरण आहे, आणि तेही असं घसघशीत की आत येताना मान वाकवावी लागते. ही फुलं विकत घेतलेली नाहीत. ती कशी आली, हे तुला सांगितल्याशिवाय मला चैन पडायची नाही. दुसऱ्या कुणाला सांगून उपयोग काय? दाभण तुझं होतं.

हो, तेच दाभण! गोधड्या शिवायचं. लग्नानंतर पहिल्याच वर्षी मी ते तुझ्या डब्यातून पळवलं आणि त्याचा टेस्ट लॅम्प केला. टेललाईटचा बल्ब, त्याला दोन वायरी, एका वायरीला चिमटा आणि दुसरीला दाभण. चिमटा गाडीच्या बॉडीला लावायचा, दाभण वायरीत टोचायचं. करंट असला की बल्ब लागायचा. "माझं दाभण कधी देताय?" हे तू मला शेवटपर्यंत विचारत राहिलीस. गोधडी शिवायला दुसरं आणलंस, पण विचारणं काही सोडलं नाहीस.

मागच्या दसऱ्याला तुझं वर्ष व्हायचं होतं, म्हणून घरात सण नव्हता. काल खंडेनवमीला मी एकट्यानं पाट मांडला. पक्कड, पाने, बॅटरीचं ॲसिड मोजायचं हायड्रोमीटर, तो दाभणाचा दिवा. तू हळद-कुंकू किती बेताचं लावायचीस! मी आपला भक्तिभावानं बोटं भरभरून लावत सुटलो. खरं सांगू? गाळ्यातली ही शेवटची पूजा, असं मी मनाशी धरलं होतं.

माझ्या डोळ्यांना आता तांबडी वायर आणि तपकिरी वायर एकच दिसते. हातही थरथरतो. नितीनला शिरवळच्या कंपनीतून सवड नाही. एक मोबाईलवाला गाळा भाड्यानं मागत होता, आणि "दसऱ्याला या, शब्द देतो" असं नितीननं त्याला सांगूनही टाकलं होतं.

मध्ये आडवी आली तुझी सून. वैशालीनं भोरला गाड्यांच्या कामाचं आयटीआय केलंय, हे आपण तिच्या माहेरी मार्गासनीला बघायला गेलो तेव्हाच तू किती कौतुकानं ऐकलं होतंस! ती म्हणाली, "गाळा मी चालवते."

नितीन हसला. "हायवेवर बाईमाणसाकडं गाडी कोण लावंल?"

गाळ्यात तू माझ्या जोडीनं राबलीस. तू असतीस तर म्हणाली असतीस, "मंग म्या काय इतकी वर्सं हितं भजी तळीत हुते व्हय रं?" ते वाक्य माझ्या ओठावर आलं, पण तुझ्यासारखं ठसक्यात जमेना. मी असा मऊ का गं? तुझ्यासमोर ठीक होतं, तू दोघांच्या वाटचं बोलायचीस.

नितीन शेवटी एवढंच म्हणाला की दसऱ्यापर्यंत करून बघ. मग सासरा-सून पुण्याला जाऊन आलो, हत्यारं घ्यायला. दुकानदारानं एक मोठा स्कॅनर काढला. गाडीला जोडायचा, पडद्यावर बिघाड वाचायचा. मी तर हरखूनच गेलो! मला वाटलं, आता काही शोधायलाच नको. वैशालीनं मात्र त्याला हात लावला नाही. "आबा, नुसतं हेच घेऊन काय करू? हे सांगणार कुठल्या बाजूला बघायचं ते. तिथं वायर तुटलीय का पार्ट गेलाय, ते मीटरनंच बघावं लागणार." तिनं व्होल्ट मोजायचा चांगला मल्टिमीटर घेतला, वायरीला भोक न पाडता मागून जोडात शिरणाऱ्या बारीक पिना घेतल्या, आणि म्हणाली, "स्कॅनर मागनं. तवर शेजारच्या बबन मिस्त्रींचा मागू."

तरी बाईकडं गाडी लावायला कुणी येईना. आणि काल दुपारी, पूजेचं कुंकू वाळलेलं नसताना, गाडी आली. आली कसली, ढकलत आणली! किकवीचा संपत नावाचा शेतकरी, पिकअपमध्ये झेंडू शिगोशीग भरलेला, पुण्याच्या बाजाराला निघालेला. चालता चालता इंजिन बंद.

"तात्या, कायबी करा," तो मला म्हणाला. "सांजच्या आत फुलं मार्केटात नाय गेली तर उद्या दुपारनंतर ह्याला गुरंबी खायची न्हाईत."

मी म्हणालो, "माझे डोळे गेले बाबा. ही बघंल."

त्यानं वैशालीकडं बघितलं, मग माझ्याकडं. "ह्या?"

"का? फुलं लावताना बाया चालत्यात की तुमाला," वैशाली बॉनेट उघडता उघडता म्हणाली. संपतची बायको गाडीतच बसली होती, ती खुदकन हसली.

तिनं पद्धतशीर सुरुवात केली. बॅटरी बघितली, उत्तम. फ्यूज सगळे बघितले, शाबूत. बबन मिस्त्री आपला स्कॅनर घेऊन आले. तो गाडीला जोडला, पण इंजिनाचा कॉम्प्युटर त्याला उत्तरच देईना. "कॉम्प्युटर मेला वाटतं पोरी," बबन हळहळले. वैशालीनं कॉम्प्युटरचा जोड काढला, त्याला करंट देणाऱ्या वायरीच्या मोकळ्या टोकाला मीटर लावला. पूर्ण बारा व्होल्ट! म्हणजे वायर चांगली. म्हणजे कॉम्प्युटरच गेला. आणि कॉम्प्युटर गेला म्हणजे गाडी टो करून शोरूमला, आणि झेंडू उकिरड्यावर.

वैशालीचा चेहरा पडला. तेवढ्यात नितीनही कंपनीतून सुटून आला आणि घड्याळ बघत दारात उभा राहिला.

आणि इंदू, तेव्हा माझी तंद्री लागली. तू रागवायचीस ती तंद्री! शाळेत गुरुजी कवितेची ओळ मोजायला लावायचे, लघु, गुरू, लघु. कागदावर अक्षरं बरोबर भरायची, पण गुरुजी म्हणायचे, "आता म्हणून दाखव." म्हणायला लागलो की ओळ कुठं लंगडते ते कळायचं. मी बॉनेटवर बोटानं तोच ठेका धरला होता. आणि मग तुझा आवाज आला, अगदी स्पष्ट. नळकोंडाळ्यावर तू एकदा शेजारणीला म्हणाली होतीस तो: "थेंब गळतोय म्हंजी पानी हाय व्हय? हंडा लावून बघ की!"

मी ओरडलो, "वैशाली, मीटर नुसता विचारतोय. करंट मागत नाही. करंट मागून बघ! दिवा लाव!"

तिला क्षणात कळलं. मीटर वायरीतून जवळजवळ काहीच ओढत नाही. एक केसाएवढी तार शिल्लक असली तरी तो बारा दाखवतो. बल्ब ओढतो. पण तिची नजर पाटाकडं गेली आणि ती थांबली. पूजेतलं हत्यार दसरा उजाडेपर्यंत उचलायचं नाही, हा तुझा दंडक. एकदा मी नुसती पक्कड सरकवली, तर तू दिवसभर बोलली नव्हतीस.

माझाही हात पुढं होईना. वैशालीनं तुझ्या फोटोला हात जोडले. "आत्या, चिडू नका हं. फुलं सुकायला लागलीत." आणि उचललं दाभण!

पण गंमत ऐक. आधी दिवा चांगला आहे का ते बघायला तिनं तो सरळ बॅटरीवर लावला, तर लागेचना! तू रागावलीस असंच मला वाटलं. वैशालीनं दाभणाचं टोक निरखलं आणि माझ्याकडं असं बघितलं, हुबेहूब तुझ्यासारखं! "आबा, हळद-कुंकवाचा लेप दिलाय तुमी टोकाला. करंट जाणार कसा?" ओढणीनं खसाखसा पुसलं, परत लावलं. लख्ख!

मग त्या वायरीला लावलं. जिथं मीटर बारा सांगत होता, तिथं बल्ब उदबत्तीच्या टोकाएवढा लाल झाला आणि विझला.

"वायरच हाय!" वैशाली ओरडली. ती वायर चाचपत गेली, ती थेट चाकावरच्या पत्र्यामागं. तिथं कुणीतरी गाण्याचा टेप जोडताना वायर सोलून पीळ दिला होता आणि वर चिकटपट्टी. पट्टी काढली तर आत तांब्याची हिरवी माती, आणि एकच तार जिवंत. तिनं तेवढा तुकडा कापून नवी वायर घातली, जोड पक्का केला. दिवा परत लावला, भगभगीत! मगच कॉम्प्युटरचा जोड बसवला. चावी फिरवली, आणि गाडी सुरू. बबन मिस्त्रींचा स्कॅनरही बोलायला लागला. बिचारा खोटं नव्हता बोलला गं. समोरून उत्तर येत नाही, एवढंच तो सांगत होता. का येत नाही, हे शोधायचं काम आमचं होतं.

उत्तर येत नाही म्हणजे समोरचं मेलं, असं आपण किती पटकन म्हणतो, नाही?

मी लगेच जाहीर करून टाकलं, "आपला दिवाच खरा!" तर वैशालीनं मलाच दटावलं. "न्हाई आबा. जाड वायरीला दिवा. सेन्सरच्या नाजूक वायरीला हा लावला तर पार्टच जळंल, तितं मीटर. आन् एअरबॅगच्या पिवळ्या वायरीला तर हात सुदिक लावायचा न्हाई." म्हणजे तुझं दाभण राहिलं, पण त्याला त्याची जागाही नेमून मिळाली. मला हे फार आवडलं.

जाताना संपतच्या बायकोनं दोन पाट्या झेंडू गाळ्यात ओतला. "ताई, पाडव्याला ट्रॅक्टर आणते. लाईटच लागंना त्याची." संपत नव्हे, ती म्हणाली!

आज सकाळी मोबाईलवाला आपट्याची पानं घेऊन आला. नितीननं त्याला सोनं दिलं, चहा पाजला आणि म्हणाला, "गाळा रिकामा न्हाई. माझी मिसेस चालवती." मग माझ्याकडं न बघता बाहेर गेला आणि तोरण बांधायला लागला. तुझाच मुलगा. चुकलं म्हणायचा नाही, पण तोरण मात्र वाकून जावं लागेल एवढं बांधणार!

आता तुला एक वचन देतो. तुला आठवतं, मी मागं टेललाईट तपासायला उभा राहायचो आणि तू सीटवर बसून ब्रेक दाबायचीस? "लागला का?" तू विचारायचीस. आणि मी मागं कुठली तरी शाळेतली कविता पुटपुटत हरवून जायचो. तू बसायचीस पाय दाबून, पाय दुखेपर्यंत. यापुढं सीटवर मी बसणार. वैशाली मागं. ती सांगेल तेव्हा दाबीन, ती सांगेल तेव्हा सोडीन, आणि मध्ये एकही कविता म्हणणार नाही. निदान मोठ्यानं तरी नाही.

आणि दाभण? ते मात्र परत मिळायचं नाही. ते आता सुनेकडं आहे. मागायचं तर तिच्याकडं माग!

थांब, बाहेर कुणीतरी हॉर्न देतंय. वैशाली हाक मारतेय, "आबा, ब्रेक दाबा!"

आलो.

तुझाच,
तंद्रीवाला