स्टेरिंगवरची लाल पाटी

प्रिय बाबा,

आज तुमच्या गाडीचं स्टेरिंग दुरुस्त झालं, म्हणून लिहायला बसलो. तुम्हाला जाऊन पाच महिने झाले. एवढ्या दिवसांत तुम्हाला सांगावं असं माझ्याजवळ काही नव्हतं. आज आहे, आणि तुम्ही समोर असता तर ते सांगायची माझी हिंमत झाली नसती.

स्टेरिंगमध्ये खरंच खेळ होता बाबा. तुमचे हात ठीक होते.

सेक्टर ६ च्या चौकात गाडी दुभाजकाला घासली, तो दिवस आठवतो? बाजूच्या सीटवर ढोकेकाका होते, तुमच्या प्लांटमधले, आपल्याच गल्लीतले. दर मंगळवारी तुम्ही त्यांना दवाखान्यात न्यायचात. कुणाला लागलं नाही, दाराला ओरखडा तेवढा पडला. घरी येऊन तुम्ही शांतपणे म्हणालात, "स्टेरिंगमंदी खेळ आहे. मी वळवतो, चाकं मागून येतात." आणि मी काय म्हटलं? "खेळ गाडीत नाही बाबा, तुमच्या हातात आहे." आई तिथंच भाजी निवडत होती. तिनं मान वर केली नाही.

दुसऱ्या दिवशी तुम्ही स्टेरिंगला लाल पुठ्ठ्याची पाटी बांधली. प्लांटमध्ये मशीन दुरुस्तीला घेतलं की बांधतात, तशीच. 'काम चालू है, चलाना मना है.' खाली सही, तारीख. उभी नोकरी पोलाद प्लांटच्या मिलमध्ये फिटर म्हणून काढलेला माणूस, दारातल्या गाडीलाही नियमानंच हात लावणार! मला हसू आलं होतं.

मग तुम्ही हाक मारली. "पम्या, दहा मिनिटं गाडीत बस. तू स्टेरिंग हळूहळू हलव, मी खालून पाहतो. एकट्याले होत नाही हे काम." मी मोबाइलवर होतो. रविवारी पाहू, म्हणालो. रविवारी तुम्ही जुनी चादर अंथरून तयार होतात, आणि मी पाटी काढून टाकली, गाडी घेऊन रायपूरला गेलो. त्या दिवसापासून किल्ली माझ्याच खिशात राहिली.

तुम्ही एकदाच विचारलं, "पाटी कोनं काढली?"

"मीच काढली, कावून?"

 ज्यानं लावली त्यानंच काढायची, हे मी लहानपणापासून ऐकत आलो होतो. त्या पाटीच्या भरवशावर तुम्ही मशीनच्या पोटात हात घालायचात.

सगळ्यात लाजेची गोष्ट पुढे आहे. मला ते जाणवत होतं. रायपूर रोडवर गाडी डावीकडे सरकायची, मी उजवीकडे ओढायचो, ती उशिरा ऐकायची. दोन लाखांवर किलोमीटर झालेत, चालायचंच, असं मी मनाशी म्हणायचो. गाडीत दोष आहे असं कबूल केलं असतं, तर किल्ली तुम्हाला परत द्यावी लागली असती. आणि मला ऑफिसला गाडीनं जायची सवय लागली होती.

वर मी ढोकेकाकांना जाऊन सांगितलं, "काका, बाबांचे हात थरथरतात आता. त्यांच्यासोबत बसत नका जाऊ." पुढच्या मंगळवारी ते ऑटोनं गेले. तुम्ही फाटकात उभे राहून तो ऑटो पाहत होतात. मी त्यांना काय सांगितलं ते तुम्हाला कळलं होतं का? एकदा तरी तुम्ही मला विचारायला हवं होतं. चार शिव्या घालायला हव्या होत्या. एवढं ऐकून घेणं तुम्हाला कुणी शिकवलं?

आज सकाळी आईला मोहन नगरला मावशीकडे सोडायला निघालो. वाटेत गाडी अशी भरकटली की आईनं दाराचं हँडल घट्ट धरलं. ती एवढंच म्हणाली, "आता तुह्या हाताले काय झालं?"

 तिला सोडून तिथल्याच एका मिस्त्रीकडे गेलो. तो म्हणाला, "आप अंदर बैठो, स्टेरिंग थोड़ा-थोड़ा हिलाओ. अकेले में नहीं दिखता." मी बसलो. तुम्ही मागितली होती तेवढीच दहा मिनिटं लागली असतील. मग त्यानं मला खाली बोलावून डाव्या चाकामागच्या सांध्यावर माझा हात ठेवला. तो सळी हातानं हलवत होता, चाक जागचं हलत नव्हतं.

"टाय रॉड का जोड़ घिस गया है. बहुत दिन का है. पहले किसी ने बोला नहीं?"

"बोला था," मी म्हटलं.

नवीन सांधा बसला. संध्याकाळी आईला घेऊन परतताना गाडी हात फिरवला तशी वळत होती. घरी आल्यावर खणात टाकून दिलेली तुमची पाटी शोधली आणि स्टेरिंगला पुन्हा बांधली. लावणारा नसला तर चार्ज घेतलेला पुढच्या पाळीचा माणूस ती काढतो, हे तुम्हीच सांगितलं होतं. तुमच्या पुढच्या पाळीला कायम ढोकेकाकाच असायचे.

उद्या मंगळवार आहे. त्यांचा ऑटो यायच्या आत मी आईला घेऊन त्यांच्याकडे जाईन आणि तुमच्या हातांबद्दल खोटं बोललो होतो, हे दोघांसमोर सांगेन. काकांनी पाटी काढली तरच गाडी हलेल. नाही काढली, तर त्यांच्यासोबत ऑटोत मी बसेन, आणि पुढच्या मंगळवारी पुन्हा विचारीन. तोवर पाटीला हात लावणार नाही, बाबा.

तुमचा,
पम्या