चिमीच्या गळ्यातला कॅमेरा

१४ जानेवारी २०१८
यंदा घरात तिळगूळ नाही. सईच्या कॅमेऱ्याचं कार्ड लावून पाहिलं. तापाने ती गेली दिवाळीनंतर, तेव्हापासून ते तसंच पडून होतं. वाटलं, कुठेतरी दिसेल ती. सगळं गवत, चिकूची वाळकी पानं, बकरीचे पाय. एका ठिकाणी नुसता आवाज — "चिमे, सावकाश!" तेवढाच.
सुधाला, तिच्या आईला, बोलावलं नाही. ती भाकऱ्या करत होती.

१५ जानेवारी
कॉलेजसाठी करत होती ती हे. शेजारच्या रूपीच्या बकरीच्या गळ्यात काडेपेटीएवढा कॅमेरा. मी विचारलं होतं, बकरीला सिनेमातलं काय कळतं? "बाबा, तुम्हाला तरी कुठे कळतं? कुठे थांबायचं, काय बघायचं ते चिमीच ठरवते. सिनेमा तिचा. मी फक्त कॅमेरा बांधते."
तेव्हा समजलं नाही. आजही नाही.

१९ जानेवारी
रेल्वे स्टेशनवर रजा टाकली. पुन्हा पाहिलं. चिमी एका भिंतीपुढे बराच वेळ उभी आहे. भिंतीवर काही नाही. सईला ह्यात काय दिसत होतं?
सुधा नेहमीसारखी. दुपारी टोपली घेऊन वाडीत जाते, चिकू आणते, स्वयंपाकाला लागते. शेजारणी म्हणतात, "सुधाताई खंबीर." मला कधीकधी तिची भीती वाटते. दिवसकार्य झाल्यापासून तिच्या डोळ्यांत पाणी नाही. सईचं नाव आम्ही दोघंही घेत नाही.

२३ जानेवारी
रूपीकडे गेलो. म्हटलं, कॅमेरा परत चिमीला बांध. सुधाला बोलू नकोस.
"पोरीचं काम आता तुम्ही करणार, दादा? बांधते. पण बकरी काढंल ते बघायचं. मग मला नाही बोलायचं."
कापडात गुंडाळून चिमीच्या गळ्यातल्या घंटेशेजारी बांधला.

२४ जानेवारी
नुसती घंटा वाजते. दुसरं काही ऐकू येत नाही.
रूपी म्हणाली, "सई घंटा सोडून ठेवायची. मग स्वतः दिवसभर मागं मागं फिरायची. तुम्ही फिराल?"
फिरेन म्हटलं. ती हसली.

२७ जानेवारी
घंटा सोडली आणि चिमीच्या मागे निघालो. कुंपणाच्या काट्यात सदरा अडकला. सोडवून वर पाहतो तर चिमी नाही. हाका मारत शेजारच्या सगळ्या वाड्या पालथ्या घातल्या. दिवस मावळताना ती आपली आपण घरी आली.
रूपी भडकली. "घंटा नाही, मागं माणूस नाही! बिबट्यानं उचलली असती तं त्याचं तोंड बघत बसला असता का कॅमेऱ्यात?"
बरोबर बोलली. मान खाली घालून घरी आलो.

२८ जानेवारी
कालचं पाहिलं. चिमी आमच्या वाडीत पंपाच्या खोलीमागे गेली होती. तिथे सुधा. भिंतीला डोकं टेकून मोठमोठ्याने रडत होती. घंटा नाही, त्यामुळे चिमी अगदी जवळ येईपर्यंत तिला कळलंच नाही. मग दचकली. मग तिने चिमीला कवेत घेतलं आणि सगळं काळं झालं. नुसता आवाज —
"काय करू गं चिमे? घरात रडता येत नाही. ह्यांनी पाहिलं तर ते कोसळतील."
दुपार झाली. सुधा टोपली घेऊन निघाली आहे. मीही जातो.